दाखला हैदराबादला राहिला

१९८९ सालची गोष्ट. मी कॉलेजात होतो. शेजारच्या सिंधी काकींना घेऊन बँकेत गेलो होतो. काका नुकतेच वारले होते, खातं काकींच्या नावावर करायचं होतं. फॉर्म मी भरला आणि काकींनी सही केली. उजवीकडून डावीकडे, एका झटक्यात, छान वळणदार. काउंटरवरच्या साहेबांनी ती बघितली आणि म्हणाले, "हे काय, उर्दूत? मराठी, हिंदी, इंग्रजी, काय येत असेल त्यात करा. नाहीतर अंगठा द्या."

काकी म्हणाल्या, "उर्दू नहीं है बेटा, सिंधी है."

साहेबांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. काकींनी अंगठा दिला. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाल्या की मी पाच इयत्ता शिकलेली आहे, दाखला हैदराबादला राहिला. मला तेव्हा चारमिनारवालं हैदराबाद वाटलं. नंतर कळलं, सिंधमधलं.

ही गोष्ट आत्ता लिहायचं कारण असं की गेल्या जूनमध्ये ओळखीतल्या एका अफगाण बाईंबरोबर त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रवेशासाठी एका शाळेत गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण बहुतेक शाळांत हेच झालं असतं. आधीच्या शाळेचा दाखला आणा, जन्मदाखला आणा, आधार आणा. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सब काबुल में है." आणि मला एकदम काकींचा अंगठा आठवला. म्हणजे ७० हून जास्त वर्षं मध्ये गेली आणि वाक्य तेच, फक्त गावाचं नाव बदललं.

मग घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. घरदार सोडून आलेल्या मुलींना या शहरानं आणि आसपासच्या मुलखानं कसं शिकवलं किंवा नाही शिकवलं, याचा इतिहास आपल्याकडे चांगला सव्वाशे वर्षांचा आहे. तो एका जागी कुणी मांडत नाही, कारण आपण तो वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलाय. स्त्रीशिक्षण एका कप्प्यात, फाळणी दुसऱ्या, दुष्काळ तिसऱ्या.

सुरुवात पंडिता रमाबाईंपासून करावी लागते. रमाबाई म्हटलं की आपल्याला विधवांचं शारदा सदन आठवतं, धर्मांतराचा वाद आठवतो. पण ही बाई स्वतः दुष्काळानं बेघर केलेली मुलगी होती, हे पटकन लक्षात येत नाही. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीनं गेले. वय १६. पुढची वर्षं भावाबरोबर पायी भटकण्यात गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या कलकत्त्याला कशा पोचल्या, ते मात्र आपण दोन ओळींत उरकतो. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती जी बरोबर नेता आली होती, आईनं पाठ करून घेतलेलं संस्कृत. बाकी काहीच नव्हतं.

शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं आणि १८९० च्या नोव्हेंबरात पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींतली एक गोदूबाई नातू, पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच वर्षी मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात यावरून पुण्यात मोठं वादळ झालं. केसरीनं झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच घरांनी आपल्या मुली काढून नेल्या. तो आक्षेप सगळाच खोटा होता असं मी म्हणणार नाही. रमाबाईंची श्रद्धा संस्थेच्या दारापाशी थांबणारी नव्हती. पण पुढे जे घडलं त्यात आक्षेप घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक दिसतात, हेही खरं.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांभोवती त्यांनी जे पाहिलं त्याबद्दल पुढे लिहिलंय. त्यांना जास्त भीती भुकेची नव्हती, माणसांची होती. आईबाप गेलेल्या, वयात येत असलेल्या मुली छावण्यांच्या आसपास हेरून नेणारी माणसं फिरत होती. ३०० मुली आणायच्या असं त्यांनी ठरवलं आणि मुलींच्या तुकड्या पुण्याला यायला लागल्या.

आता १८९७ चं पुणं डोळ्यांपुढे आणा. प्लेग. रँडची समिती, घरांच्या झडत्या, विलगीकरणाच्या छावण्या. अशा शहरात हाडांचा सापळा झालेल्या, अंगावर फोड असलेल्या, परक्या बोलीतल्या शेकडो मुली. अधिकाऱ्यांनी हुकूम काढला की या मुली शहरात ठेवायच्या नाहीत. प्लेगच्या बंदोबस्ताच्या दृष्टीनं हुकूम चूक होता असं नाही. पण त्या मुलींचं काय, हा प्रश्न हुकमात नव्हता.

रमाबाईंनी पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगावला १०० एकर जमीन आधीच घेऊन ठेवलेली होती. अमेरिकेतल्या मंडळानं दिलेलं पैशाचं वचन १० वर्षांचं होतं, ते १८९८ मध्ये संपणार होतं. मग फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवता येईल, असा तो हिशोब. फळबागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर या मुली गेल्या. आधी तंबू आणि झोपड्या. पक्क्या इमारती पुढे उठल्या आणि त्याचं मुक्ती सदन झालं. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडल्यावर तिथून आणखी मुली आणल्या आणि सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक व्यवस्था. दुष्काळातून आलेल्या मुलींची एकेक तुकडी शारदा सदनात शिकून तयार झालेल्या एकेका बाईच्या हाताखाली दिली गेली. म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वी जिचे केस काढले होते, जिला घरात कोपरा दाखवला होता, ती बाई आता पंधरा-वीस मुलींची आईही झाली आणि मास्तरीणही. आधी अन्न, औषध, आंघोळ. मग अक्षरं. मग हातमाग, शिवण, शेती, दुभती जनावरं, तेलाचा घाणा, छापखाना. छापखान्यात खिळे जुळवायला याच मुली. अंध मुलींना ब्रेल. कुणाकडेही दाखला मागितला नाही हे तर झालंच, पण "आता हिचं शिकायचं वय गेलं" असंही कुणाला म्हटलं नाही.

एक प्रसंग सांगायलाच हवा. १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्राला जाहीर पत्र लिहिलं. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांचे काय हाल होतात आणि त्यांच्या स्वतःच्या सदनातल्या एका मुलीच्या वाट्याला काय आलं, हे त्यांनी उघड लिहिलं. गोष्ट पार विलायतेच्या पार्लमेंटात गेली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टनं आरोप साफ फेटाळले. गंमत बघा, ज्या बाईला पुण्यानं सरकारची आणि मिशनऱ्यांची हस्तक म्हणून हिणवलं, ती रँडचा अंमल चालू असताना सरकारवर जाहीर आरोप करत होती. (रँडवर गोळी झाडली गेली ती २२ जूनला.) शाळा चालवणं म्हणजे मुलीला छावणीतून परत मागणं, हेही त्यात येतं.

केडगावची किंमतही होती. आलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. निराधार लेकराची संमती म्हणजे नक्की काय, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही टाळता येत नाही. फक्त तो प्रश्न रमाबाईंना विचारताना दुसरा आपल्या पणजोबांनाही विचारावा लागेल. तुम्ही त्यातल्या किती मुली घरात घेतल्या? कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, प्लेगमुळेच १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला आणि पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण तो मुख्यतः घरच्या विधवांसाठी होता. मध्य प्रांतातून आलेल्या, जात माहीत नसलेल्या मुलींसाठी पुण्यात दुसरं दार उघडलं नव्हतं.

आता ४५ वर्षं पुढे आणि जरा दक्षिणेला. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी अलीकडे बातम्यांत येते. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५ हजार पोलिश लोक राहिले, त्यात बहुसंख्य बायका आणि मुलं. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात नेलं होतं. १९४१ मध्ये करार झाला, सुटका झाली आणि इराणमार्गे ही मंडळी हिंदुस्थानात आली. त्या मुलींची शाळेची दोन-तीन वर्षं जंगलात लाकडं उचलण्यात गेलेली.

पण वळिवड्यात प्राथमिक शाळा निघाल्या, माध्यमिक शाळा निघाली, स्काउट-गाइड, नाटकं, सगळं. तेही पोलिश भाषेत. शिकवणाऱ्या बहुतेक त्यांच्याच छावणीतल्या बायका. इथे केडगावची आठवण येते की नाही? आलेल्या लोकांमध्ये शिक्षिका असतातच, त्यांना कुणीतरी फळा आणि खोली द्यायची असते. अर्थात वळिवड्यामागे लंडनमधल्या पोलिश परागंदा सरकारचा पैसा होता आणि ब्रिटिशांची परवानगी होती. प्रमाणपत्र देणारं सरकार, भले परदेशात का असेना, त्यांचं स्वतःचं होतं. काकींच्या वाट्याला हे यायचं नव्हतं.

आणि याच वळिवड्याचा पुढचा भाग लोकांना ठाऊक नसतो. पोलिश लोक गेले आणि त्याच छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित आणून वसवले. आज त्याला गांधीनगर म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडची लग्नाची कापडखरेदी जिथे होते तेच गांधीनगर. त्याच छावणीत, दुसऱ्या मुली.

पुण्याच्या बाजूला हे लोक पिंपरी कॅम्पात आले. आमच्या काकी त्यातल्याच. १९४७ ला वय १२. त्यांच्याकडून मी तुकड्यातुकड्यांनी जे ऐकलं ते असं. धाकटा भाऊ आणि त्या, दोघांचेही दाखले हैदराबादला राहिले. भावासाठी वडिलांनी दोन दिवस खेटे घातले, प्रतिज्ञापत्र केलं आणि त्याला शाळेत बसवलं. काकींसाठी खेटे घालायला कुणाला वेळ नव्हता. रेशनची रांग होती, लहान बहीण होती, आई पापड लाटून विकायची त्यात हात लागायचा. चार वर्षांनी लग्न. म्हणजे दाखला नव्हता ही अडचण दोघांचीही होती. फरक पडला तो कुणासाठी कोण रांगेत उभं राहिलं याचा. हे काकींनी तक्रार म्हणून कधी सांगितलं नाही. "ऐसा ही था," एवढंच.

त्यात लिपीची भानगड. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहायची की देवनागरीत, यावर फाळणीनंतर सिंधी लोकांमध्येच अनेक वर्षं वाद चालला. हिंदू घरातल्या पुष्कळ जुन्या बायकांना तर पोथी वाचण्यापुरती गुरुमुखी यायची. म्हणजे एकाच घरात आजी गुरुमुखी वाचणार, आई अरबी सिंधी, मुलगा मराठी-हिंदी आणि नातू इंग्रजी. सिंधी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली १९६७ मध्ये. तोवर काकींची पिढी लिहायची थांबली होती. बँकेतल्या त्या साहेबांवर मी फार राग धरत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही भाषा आहे.

पण पुण्यात एक काम झालं आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. साधू टी. एल. वासवानी यांनी १९३३ मध्ये सिंधमधल्या हैदराबादला मुलींच्या शिक्षणाची मीरा चळवळ सुरू केली होती. फाळणीनंतर ते पुण्यात आले आणि तेच काम इथे पुन्हा शून्यातून उभं केलं. १९६२ मध्ये सेंट मीराज कॉलेज फॉर गर्ल्स सुरू झालं. आज तिथे शिकणाऱ्या, मराठी-गुजराती-मारवाडी घरांतल्या कितीतरी मुलींना माहीत नसेल की आपल्या कॉलेजची मुळं सिंधमध्ये आहेत. ते निर्वासितांनी बांधलेलं कॉलेज आहे. ज्या समाजाच्या मुलींना आपण शाळेत घ्यायला कुरकुर केली, त्या समाजानं आपल्या मुलींसाठी कॉलेज काढून दिलं. त्यातही भाषा मागे पडली, शिक्षण इंग्रजीत झालं, हे मान्य. पण मुली घरात बसल्या नाहीत.

काकींच्या वयाच्या बायकांना, म्हणजे ज्यांची शाळेची वर्षं वाहून गेली त्यांना, परत आत घ्यायची कल्पना देशपातळीवर आणली ती दुर्गाबाई देशमुखांनी. लहानपणी लग्न झालेल्या, मग ते नाकारून शिकलेल्या, घटना समितीत बसलेल्या आणि सी. डी. देशमुखांशी लग्न केल्यामुळे आपण ज्यांना थोडंसं आपलंही मानतो त्या. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. १९५८ मध्ये या मंडळानं वय उलटलेल्या बायकांसाठी अनेक वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत बसवणारे वर्ग सुरू केले. त्याआधी मद्रासेत त्यांनी हे करून पाहिलं होतं. काकी तेव्हा २३ वर्षांच्या, दोन मुलांच्या आई. अशा वर्गाचं नावही त्यांच्या कानावर कधी आलं नाही.

आता परत त्या शाळेकडे येतो.

भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. कोण व्हिसावर, कोण संयुक्त राष्ट्रांच्या कार्डावर. पण २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा जरा नीट वाचा. त्यात शब्द 'मूल' असा आहे, 'नागरिक' असा नाही. ६ ते १४ वयाचं प्रत्येक मूल. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ४ म्हणतं, शाळा बुडालेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवा आणि बरोबरीला आणण्यासाठी वेगळं शिकवा. रमाबाईंनी केडगावला जे हुकमाशिवाय केलं, ते आता कायद्यात छापलेलं आहे.

त्या दिवशी मोबाइलवर कलम १४ काढून मुख्याध्यापिका बाईंना दाखवलं. त्या वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. "ऑनलाइन सिस्टीममध्ये आधारशिवाय नोंद कशी करू, सर? उद्या वरून विचारलं तर?" दोन फोन झाले, चार चकरा झाल्या, प्रवेश झाला. वयानं मुलगी चौथीत बसायला हवी. दुसरीत बसवलीय. कलम ४ साठी मी परत गेलो नाही. जायला हवं होतं.

चौदा वर्षांनंतर मात्र हा कायदाही हात वर करतो. आणि खरी गळती तिथूनच सुरू होते. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचे आकडे बघितले तर जगभरात कॉलेजपर्यंत पोचणारे निर्वासित २०१९ च्या सुमारास शंभरात ३ होते, २०२३ च्या सुमारास कुठे ७ झाले. मुली त्याहून मागे.

पुण्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. आपल्या विद्यापीठात आणि कॉलेजांत अफगाण विद्यार्थी कित्येक वर्षं येतायत. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं भारताबाहेर असलेल्या अफगाण लोकांचे जुने व्हिसा रद्द केले. कोविडमुळे घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. त्यात मुलीही होत्या. तिकडे आधी सहावीच्या पुढची शाळा बंद झाली, मग २० डिसेंबर २०२२ ला विद्यापीठांची दारं बंद झाली, २०२४ च्या डिसेंबरात दाई आणि नर्सिंगचे वर्ग सुद्धा. म्हणजे भारतातल्या कॉलेजात नाव नोंदलेली मुलगी तिकडे कुठेच जाऊ शकत नव्हती आणि इकडे येऊही शकत नव्हती. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण ज्या मुलीची आपणच आधी तपासणी करून प्रवेश दिला होता, तिची फाईल पुन्हा उघडायला काय हरकत होती?

माझ्या हातात व्हिसा नाही. तुमच्याही नाही. तेव्हा एक वेगळं काम सांगतो. पिंपरी कॅम्प, गांधीनगर, उल्हासनगर इथे १९४७-४८ ला लहान मुली म्हणून आलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. ज्यांच्या घरात, सोसायटीत, ओळखीत अशी आजी असेल त्यांनी तिला विचारा. तिकडे कितवीत होतीस, कुठल्या लिपीत लिहायचीस, इकडे शाळेत कुणी नेलं, कितवीत बसवलं, नाही बसवलं तर का? लिहून घ्या किंवा फोनवर रेकॉर्ड करा आणि जमलं तर मला पाठवा, मी एकत्र करतोय. आणि हो, तिला तिच्या लिपीत सही करायला सांगा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. काकींची सही माझ्याकडे नाही. बँकेच्या त्या फॉर्मवर तिच्यावर काट मारून शेजारी अंगठा घेतला होता.